मुद्राचित्र, प्रतिकृती की छापील प्रत?

एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे : अमेरिकन चित्रकर्ती ॲन रायन हिच्या कोलाजच्या, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांच्या, छापील प्रती विक्रीला येणार आहेत, त्यांच्यासोबतची मराठी चिठ्ठी तिला लिहायची आहे. इंग्रजीत ‘आर्काइव्हल क्वालिटी प्रिंट’ असं आहे, म्हणजे दीर्घकाळ टिकेल अशा दर्जाची छपाई. तिने ‘अभिलेखीय दर्जाचे मुद्राचित्र’ असं लिहिलं. हे बरोबर आहे का?

यातले ‘अभिलेखीय’ आणि ‘मुद्राचित्र’ हे दोन्ही शब्द मी बदलेन. ‘मुद्राचित्र’ आधी घेतो, कारण त्याने घेणाऱ्याची दिशाभूल होईल. लाकडाचा ठसा, तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा, शिळा यांवर चित्रकार स्वतः काम करतो आणि त्यावरून कागदावर छाप घेतो, ते मुद्राचित्र. तिथे छाप हीच मूळ कलाकृती असते. खाली पेन्सिलीने ३/२५ असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे पंचवीस छापांतला तिसरा. आधी झालेल्या चित्राचा फोटो घेऊन छापलेला कागद ही वेगळी वस्तू आहे. त्याच्यावर आकडा घातला तरी तो मुद्राचित्र होत नाही. रायनच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. कोलाजकडे वळण्याआधी ती न्यूयॉर्कला मुद्राचित्रकार स्टॅनली विल्यम हेटरच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत शिकली होती आणि तिने रंगीत काष्ठठसे केले होते. ‘ॲन रायनचं मुद्राचित्र’ म्हटलं की जाणकाराला तेच आठवणार.

कोलाज तिने फार उशिरा सुरू केलं. १९४८ मध्ये जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्सच्या कोलाजचं प्रदर्शन तिने पाहिलं, तेव्हा ती साठीच्या उंबरठ्यावर होती. १९५४ मध्ये ती गेली. मधल्या सहा वर्षांत तिने सुमारे चारशे कोलाज केली. बरीचशी वीतभर आकाराची. जुन्या कापडाचे तुकडे, हातकागद, रंगीत कागद. कापडाच्या कडेचा सुटलेला दोरा ती कापत नसे, तसाच राहू देई, आणि त्या दोऱ्याची रेघ चित्रात पेन्सिलीच्या रेघेसारखी काम करते. बघताना गोधडी आठवते खरी, पण गोधडी टाक्यांवर उभी असते आणि हे खळीवर. म्हणून ‘कोलाज’ला ‘गोधडीचित्र’ म्हणू नये. ‘चिकटचित्र’ अर्थाने अचूक आहे, कारण फ्रेंच शब्दाच्या मुळाशी ‘चिकटवणं’ हेच क्रियापद आहे आणि त्याच्याही मागे ग्रीकमधला ‘कोल्ला’ म्हणजे सरस. (‘कोल्ला’ आणि आपली ‘खळ’ यांचं नातं जोडायचा मोह होतो. तो आवरावा, नुसत्या आवाजावरून शब्दांची सोयरीक ठरत नाही.) पण ‘चिकटचित्र’ म्हटलं की शाळेतलं चिकटकाम आणि घोटीव कागद डोळ्यांपुढे येतात. ‘आठवणींचं कोलाज’ आपण सहज म्हणतो, तेव्हा कोलाज आता मराठीच झालं. तेच ठेवा.

‘प्रतिकृती’ का नको? किल्ल्याची, जहाजाची प्रतिकृती म्हणतो तेव्हा आकार आणि जाडी त्यात गृहीत असते. कोलाजला जाडी आहे : एका तुकड्यावर दुसरा, कापडाची वीण, उचललेली कड. छापल्यावर हे सगळं सपाट होतं. दोऱ्याची सावली दिसते, दोरा बोटाला लागत नाही.

उरला ‘प्रत’, आणि तो मला फार आवडतो. पोथीची प्रत, सत्यप्रत यांतला अर्थ एक, ‘उत्तम प्रतीचा तांदूळ’ आणि ‘प्रतवारी’ यांतला दुसरा. नक्कल आणि दर्जा, दोन्ही एकाच शब्दात. ‘उत्तम प्रतीची प्रत’ असं लिहिलं तर मराठी वाचक क्षणभरही अडखळणार नाही.

आता ‘आर्काइव्हल’. ‘अभिलेखीय’ म्हटलं की दप्तरखाना आणि सरकारी कागद आठवतात. त्याऐवजी ‘जतनयोग्य’ म्हणावं, तर त्याचा अर्थ जपून ठेवण्याच्या लायकीचं, आणि इथे सांगायचं आहे की हे लवकर खराब होणार नाही. त्यामागचं कारण साधं आहे. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, म्हणून रद्दी उन्हात काही दिवसांत पिवळी पडते. कापसाच्या तंतूंच्या आम्लरहित कागदाचं तसं होत नाही. शाईतही फरक असतो : विरघळलेला रंग उजेडाने लवकर उडतो, न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई कितीतरी जास्त टिकते. यासाठी कापडाच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा शब्द आपल्याकडे आहे : पक्का रंग. साडी घेताना आई विचारायची, ‘रंग पक्का आहे ना? विटणार नाही ना?’ अगदी तोच प्रश्न इथेही आहे. फक्त विक्रेत्याकडून शाई कोणती ते आधी विचारून घ्या. कच्च्या शाईला पक्का रंग म्हणू नये.

अशा छपाईसाठी ‘झिक्ले’ असाही शब्द कानावर येईल. १९९१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॅक डुगान या छपाईकाराने तो फ्रेंच क्रियापदावरून घडवला. अर्थ चिळकांडी उडणं, फवारणं. मशीन शाईचे बारीक थेंब फवारतं, एवढंच त्यात आहे. टिकाऊपणाची हमी त्या शब्दात नाही, तेव्हा चिठ्ठीत तो नसला तरी चालेल.

मी असं लिहीन : ‘ॲन रायन यांच्या कोलाजची छापील प्रत. सुती, आम्लरहित कागद. पक्के रंग.’ आणि खाली मूळ कोलाजचा आकार जरूर द्या. वीतभर चित्र छापताना दोन हातांचं करतात, आणि मग मुळातल्या त्या बारीक दोऱ्याचा पाहणाऱ्याला दोरखंड वाटतो.