एकटेपणानं जखम भरत नाही का?

प्रश्न: सासूबाई दीड वर्षापासून लकव्यानं अंथरुणावर आहेत. मुलगा पुण्याला. कापूस वेचताना बोट चिरलं, महिना झाला तरी भरत नाही. सर्दीही सारखीच. शेजारीण म्हणते, एकटीनं सोसल्यानं असं होते. खरं आहे का?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर: ताई, आधी रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हे पुढं ढकलू नका.

आता शेजारणीचं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९९५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर अगदी छोटी, सारखी जखम केली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. सततच्या ताणानं शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि जखमेकडे पेशींना बोलावणारे संदेश मंदावतात. १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांची नाती तऱ्हेतऱ्हेची, म्हणजे घरची, शेजारची, कामावरची, मंडळातली, त्यांना सर्दी कमी झाली.

माझ्या गावच्या दवाखान्यात मी हे खूप पाहिलं. बाई पट्टी बांधायला एकटी येते, बोलता बोलता रडते, आणि मग कळते की रात्री तिला सलग दोन तास झोप नाही. तुमचीही झोप तशीच असेल, असं वाटते.

म्हणून त्या शेजारणीलाच विचारा, रोज तासभर सासूबाईंजवळ बसशील का? तेवढा वेळ तुम्ही झोपा. बचत गटाची बैठक सोडू नका. मुलाला नुसतं ‘बरं आहे’ सांगू नका. बोटाचं सांगा, रात्रीचंही सांगा.