बाळाचं नाव आणि मतांचे रकाने

"मॅडम, नाव चुकलं तर ते आयुष्यभर तिला चिकटणार ना?"

मांडीवर दीड महिन्याची मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, एक हात अजून मोबाइलवर. शेजारी नवरा गप्प. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फक्त बाळाच्या नावासाठी समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. 'हल्ली सारखी भांडणं होतात' म्हणून येतात आणि बोलता बोलता नावाचा विषय निघतो.

तिनं मोबाइलवर एक्सेल शीट उघडून दाखवली. डावीकडे नावं आणि वर रकाने: अर्थ, स्पेलिंग, सासूबाई, नणंद, आई, मैत्रिणी. जवळजवळ प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे लाल फुली. 'रेवा'वर नणंदेची, कारण हल्ली ज्याच्या त्याच्या घरी रेवा. 'शर्वरी'वर सासूबाईंची, कारण त्या नावाच्या नात्यातल्या एका बाईचं फार वाईट झालं होतं. 'मीरा' मैत्रिणीला जुनाट वाटलं. 'कियाना' सगळ्यांना आधुनिक वाटलं, पण प्रत्येक वेबसाइटवर अर्थ वेगळा. मी विचारलं, "यात तुम्हा दोघांचा रकाना कुठला?" तो नव्हताच.

ट्रेंडची भीती मला अर्धीच खरी वाटते. अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं मुलींच्या नावांत जेनिफर पहिल्या क्रमांकावर होतं. एका वर्गात तीन जेनिफर असल्या की आडनाव जोडून हाक मारायची, एवढंच. ही गैरसोय आहे, मनावरची जखम नव्हे. उलट अगदी आगळंवेगळं नाव ठेवलं, तर मुलाला ते प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं. यातली कोणती कटकट तुम्हाला चालेल, एवढंच ठरवायचं असतं. बाकी पुढचं कुणाला दिसतं? मुलीचं नाव हौसेनं अलेक्सा ठेवणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं की २०१४मध्ये त्याच नावानं हाक मारायचा स्पीकर येणार आहे! त्यानंतर काही वर्षांतच हे नाव ठेवणारे आईबाप झपाट्यानं कमी झाले.

नावाला चिकटलेल्या आठवणींचं तसं नाही, त्या मी गांभीर्यानं घेते. आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाला एखादं नाव ऐकून शाळेत छळणारी मुलगी आठवत असेल, तर ते नाव बाद. कारण विचारून वाद घालायचा नाही, कारण ती हाक दिवसातून पन्नास वेळा त्यालाच मारायची असते. इतरांचा आक्षेप मात्र एकदा नीट ऐकायचा आणि तिथं थांबायचं. सासूबाईंशी बोलायला मी नवऱ्याला पाठवलं. सुनेनं जायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्याच्याशी त्या तासभर त्या नातेवाईक बाईबद्दलच बोलत राहिल्या, नातीच्या नावाचा विषय शेवटी कसाबसा निघाला. 'शर्वरी' त्यांना आजही आवडत नाही. पण आईच्या मनात काय आहे, हे मुलाला पहिल्यांदा कळलं.

मला काळजी वेगळीच होती. बाळ झोपल्यावरही ती पहाटेपर्यंत नावं शोधत बसायची, ठरलेलं नाव सकाळी खोडायची, मग रडायची. बाळंतपणानंतरचं नैराश्य कधी कधी अशाच एखाद्या साध्या प्रश्नाला धरून बसतं. म्हणून एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली. १९८७पासून वापरात असलेले हे दहा प्रश्न गेल्या सात दिवसांतल्या मनःस्थितीबद्दल विचारतात. त्यावरून निदान होत नाही, पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं का, एवढं ठरवायला मदत होते. तिचे गुण काळजी करण्याएवढे नव्हते, झोपेची थकबाकी मात्र मोठी होती. रात्रीचं एक दूध पाजणं नवऱ्याकडे गेलं आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. नावाच्या भांडणात बाळाची आई नीट झोपतेय का, हे विचारायचं घरात कुणाला सुचत नाही, याचा मला दर वेळी राग येतो.

दोन आठवड्यांनी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर नावं लिहायला लावली, शीट न बघता. एकही जुळलं नाही. नवऱ्याच्या कागदावर 'मीरा' होतं. ती म्हणाली, "अहो, हे तर मलाही आवडत होतं. फुली मैत्रिणीची होती." मग घरी त्यानं दुसऱ्या खोलीतून, चिडल्यासारखं, आडनावासकट ओरडून पाहिलं. ऐकायला बरं वाटलं.

राहिलं स्पेलिंग. डबल ई की आय? कुणीतरी शेवटी एक जादा ए लावायला सांगितलं होतं, नशीब उघडतं म्हणे. मी एवढंच म्हटलं, की फोनवर एखाद्या अनोळखी माणसाला नाव सांगा आणि तो न विचारता जे लिहील तेच ठेवा. पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या ओळींत नावासाठी ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात, तिथं कलाकुसरीला जागा नाही. इलॉन मस्कनं २०२०मध्ये मुलाच्या नावात १२ हा आकडा घातला, तर कॅलिफोर्नियाच्या नियमात तो बसेना, शेवटी त्याचे रोमन अंक करावे लागले. खरा त्रास पुढे होतो तो जन्मदाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं स्पेलिंग असलं की. त्यांनी डबल ई ठरवलं आणि लसीकरणाच्या कार्डापासून सगळीकडे तेच लिहायचं असं कागदावर उतरवून ठेवलं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज तिनं मला आधी दाखवला: 'मीरा कसं वाटतं?' प्रश्न विचारला की उत्तरं येणारच, म्हणून तो बदलून 'आम्ही मुलीचं नाव मीरा ठेवलं आहे' असा केला. तरी नणंदेनं दोन मिनिटांत लिहिलंच, "अगं, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मीरा आहेत." नवऱ्यानं अंगठा पाठवला आणि ग्रुप म्यूट केला.