दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात मूठभर गोरे इतकी वर्षं सत्तेवर टिकले कसे? नुसत्या बंदुकीच्या जोरावर?

नाही. बंदुका होत्याच, पण सोबत वाटावाटीही होती. काळ्यांच्या ये-जा करण्यावरचे पास कायदे, राजकीय कैद्यांचं रॉबेन बेट वगैरे तुम्ही वाचलेलं असणार, ते पुन्हा उगाळत नाही. मी १९८३च्या राज्यघटनेबद्दल लिहितो, कारण तिच्यावरून आमच्या घरात अजून वाजतं.

तेव्हाचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथांनी संसदेची तीन सभागृहं केली. गोऱ्यांना १७८ जागा, 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीयांना ८५, भारतीयांना ४५. काळ्यांना, म्हणजे देशातल्या बहुसंख्य लोकांना, शून्य. त्यांनी म्हणे ट्रान्सकाय-सिस्काय असल्या, काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या 'होमलँड'चं नागरिक व्हावं. राष्ट्राध्यक्ष निवडायच्या मंडळात ५० गोरे, २५ मिश्रवंशीय, १३ भारतीय. बाकीचे दोघे एक झाले तरी ३८च! प्रत्येक सभागृहाला सांगितलं, शाळा, घरं तुमची तुम्ही बघा. सैन्य, पोलीस, तिजोरी 'सामाईक', म्हणजे कोणाच्या हातात ते कळलंच असेल. आणि ही घटना हवी का, हे २ नोव्हेंबर १९८३ला विचारलं फक्त गोऱ्यांना. दोन तृतीयांश 'हो' म्हणाले. न म्हणायला काय झालं?

कामानिमित्त डर्बनला होतो तेव्हा चॅट्सवर्थ या भारतीय वस्तीत भाड्याने राहायचो. घरमालकीण तमिळ वंशाच्या, निवृत्त शिक्षिका; सगळे त्यांना आंटी म्हणायचे. भारतीयांच्या नव्या सभागृहाची ऑगस्ट १९८४ची निवडणूक त्या अगदी रंगवून सांगत. नाताळ इंडियन काँग्रेस या भारतीयांच्या वर्णभेदविरोधी संघटनेची पोरं दारोदार फिरून 'मत देऊ नका' सांगत होती. इकडे अंकलनी सरकारी घरासाठी नंबर लावलेला. उमेदवाराची माणसं येऊन सांगून गेली, गाडी पाठवतो, तयार राहा, आता घरांचं खातं आपल्याच माणसांकडे येणार. अंकल विरघळले. मतदानाच्या दिवशी सकाळी आंटींनी त्यांचं ओळखपत्राचं पुस्तक तांदळाच्या डब्यात पार तळाशी खुपसलं आणि शांतपणे फोडणी टाकायला घेतली. अंकलनी कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, मुलांवर ओरडले. गाडी हॉर्न वाजवून निघून गेली. रात्री भात वाढताना आंटींनी पुस्तक ताटाशेजारी ठेवलं. दोन दिवस अबोला. शेवटी घर मिळालं, पण बऱ्याच वर्षांनी. त्याचं खापर अंकल मरेपर्यंत त्या डब्यावर फोडत राहिले.

नोंदलेल्या भारतीय मतदारांपैकी त्या दिवशी जेमतेम पाचातला एक मतदानाला गेला.

हे मी पुण्यात सांगितलं तर आमचे भावोजी म्हणाले, "मूर्खपणा! मिळतंय ते पदरात पाडून घ्यायचं आणि आत शिरून बदल करायचा." बरं. आत शिरलेल्या अ‍ॅलन हेंड्रिक्से यांचं काय झालं ते बघा. मिश्रवंशीयांच्या लेबर पार्टीचे नेते, थेट बोथांच्या मंत्रिमंडळात, बिनखात्याचे का होईना. जानेवारी १९८७मध्ये ते पोर्ट एलिझाबेथला गोऱ्यांसाठी राखीव किनाऱ्यावर समुद्रात पोहले. बोथा खवळले, माफी मागायला लावली आणि ह्यांनी ती मागितली. देशाच्या मंत्र्याला समुद्रात डुंबायची मुभा नाही, आणि भावोजी म्हणतात आत शिरून बदल करा. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल तर त्याला हा किस्सा जरूर ऐकवा.

आता, जे मत द्यायला गेले ते सगळे विकले गेलेले होते असं मी म्हणत नाही. अंकलसारखे घराच्या यादीत अडकलेले पुष्कळ होते. घरी बसलेले सगळे शूर होते असंही नाही.

आणि ही युक्ती त्यांच्यावरच उलटली, हे सांगायचं राहिलंच. तिच्या विरोधात ऑगस्ट १९८३मध्ये केप टाउनच्या मिचेल्स प्लेनला युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट ही अनेक संघटनांची आघाडी उभी राहिली. ३ सप्टेंबर १९८४ला नवी घटना लागू झाली आणि त्याच दिवशी भाडेवाढीवरून शार्पव्हिल, सेबोकेंगच्या काळ्या वस्त्या पेटल्या. पुढच्या जुलैत आणीबाणी. तिथून पुढे मात्र बंदुकाच. तो भाग कोणीतरी जाणकाराने लिहावा, मला भावोजींनाच उत्तर द्यायचं होतं.