ट्रिस्टन दा कुन्हा बेटावरच्या लोकांचं पोट कशावर चालतं?

मुख्यतः शेवंडीवर, म्हणजे लॉबस्टरवर. दक्षिण अटलांटिकमधल्या या ब्रिटिश बेटावर अडीचशेहूनही कमी माणसं राहतात, तीही एकाच गावात, कारण ज्वालामुखीच्या उतारापाशी सपाट जमीन तेवढीच आहे. विमानतळ नाही, केपटाऊनहून जहाजाला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे नाशवंत माल विकायची सोयच नाही. गोठवलेली शेवंड मात्र परदेशी बाजारात चांगला भाव मिळवते. समुद्र शांत असला की पहाटे घंटा वाजते आणि होड्या निघतात. जोडीला टपाल तिकिटांची विक्री. घरी खायला बटाटे, मेंढ्या आणि गुरं. जमीन सामाईक, बाहेरच्याला विकत मिळत नाही. एकाच घराकडे संपत्ती साचू नये म्हणून जनावरांवरही मर्यादा आहे, आणि मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

पण एकाच धंद्यावर विसंबणं धोक्याचं ठरतं. २०११ मध्ये शेजारच्या नाइटिंगेल बेटावर मालवाहू जहाज फुटून तेल सांडलं, आणि तिथली शेवंडीची मासेमारी बंद ठेवावी लागली. १९६१ मध्ये तर ज्वालामुखीमुळे सगळं गाव इंग्लंडला हलवलं होतं. तरी १९६३ मध्ये बहुतेक जण परतले.