जुन्या अमेरिकन पेनीला किती येतील?

प्रश्न : मेव्हण्यांनी न्यू जर्सीहून जुन्या पेनींची बरणी आणली आहे. मागे गव्हाच्या ओंब्या आहेत. बरीच किंमत येईल का? (नाशिक)

उत्तर : ओंब्यांची पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, 1909 ते 1958 या काळात अब्जावधींनी पाडली गेली. त्यामुळे बरणीतल्या बहुतेकांना नगामागे काही सेंटच मिळतील. पण बरणी विकण्याआधी एक संध्याकाळ भिंग घेऊन बसाच. सालाखाली अक्षर नसेल तर नाणं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं, ‘डी’ असेल तर डेन्व्हरचं, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं. 1909-एस सापडलं तर ते उलटं करा. तळाशी व्ही. डी. बी. अशी बारीक अक्षरं आहेत का? ही शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं. ती फार ठळक दिसतात अशी ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती काढून टाकली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत अशी फक्त 4,84,000 नाणी पडली होती. आज त्यातल्या झिजलेल्यालाही शेकडो डॉलर मिळतात.

1914-डी आणि 1931-एस हीसुद्धा बाजूला काढा. 1914-डी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण 1944-डी मधला पहिला 4 तासून त्याचा 1 करणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. अशा नाण्यात 9 आणि 1 यांच्यामध्ये नको इतकी जागा दिसते. शिवाय पुढच्या बाजूच्या लिंकनच्या चित्रात खांद्याच्या कडेला व्ही. डी. बी. असेल तर खेळ खलास : ती अक्षरं खांद्यावर आली 1918 मध्ये!

प्रश्न : माझ्याकडे 1943 ची तांब्याची पेनी आहे. कोट्यधीश झालो का? (ठाणे)

उत्तर : आधी फ्रिजवरचं लोहचुंबक आणा. युद्धासाठी तांबं हवं म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. चुकून तांब्याच्या मिश्रधातूवर पडलेली नाणी मोजकीच आहेत. त्यातलं डेन्व्हरचं नाणं 2010 मध्ये 17 लाख डॉलरला गेलं. तुमचं नाणं चुंबकाला चिकटलं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं पोलाद आहे. नाही चिकटलं तरी पेढे वाटू नका. 1948 मधला 8 कोरून 3 केलेला असू शकतो. अस्सल 1943 च्या 3 ची शेपटी इतर आकड्यांच्या खाली उतरते. तीही तशी असेल तर नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे तपासायला पाठवा. घरच्या घरी शिक्कामोर्तब करू नका.

प्रश्न : आईनं हौसेनं सगळी नाणी चिंचेनं घासून लख्ख केली. आता भाव वाढेल ना? (सांगली)

उत्तर : आईंना काही बोलू नका, पण भाव पडला. पोलादी नाणी सोडली तर संग्राहक या सेंटचे रंगावरून तीन गट करतात : तपकिरी, लाल-तपकिरी आणि लाल. टांकसाळीतून आलेली मूळ लाली टिकलेल्या नाण्याला तपकिरीच्या कितीतरी पट किंमत येते. चिंचेतल्या आम्लानं वरचा थर जातो आणि खाली उघडी पडते ती फिकट गुलाबी, निर्जीव चकाकी. जाणकाराला ती लगेच कळते. उरलेली नाणी नुसती कडेनं धरा, पुसूही नका.

प्रश्न : फोनवर एकानं माझ्या पेनीचे बारा लाख देऊ केले. आधी नोंदणी शुल्क भरा म्हणतो. (अकोला)

उत्तर : एक छदामही देऊ नका. रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे करून जुन्या नाण्यांवर शुल्क उकळणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनं 2021 मध्येच सावध केलं आहे. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करा.

प्रश्न : अमेरिकेनं पेनी पाडणं थांबवलं. आता साध्या पेनींचा भाव चढेल? (पुणे)

उत्तर : चलनासाठीची शेवटची पेनी नोव्हेंबर 2025 मध्ये फिलाडेल्फियात पडली, हे खरं. पण लोकांच्या डब्या-खणांत अजून अब्जावधी पडून आहेत. 1982 मध्ये तांबं जाऊन आत जस्त आलं आणि वजन 3.11 ग्रॅमवरून 2.5 वर उतरलं. त्यामुळे काही जण जड नाणी वेगळी साठवतात, ती तांब्याच्या भावासाठी. तुम्हाला साठवायचीच असतील तर साठवा, पण त्या भरवशावर कर्ज काढू नका.