बहीण आजारी, आणि पोट दुखतंय भावाचं

"मुलीला रक्ताचा कॅन्सर झालाय. तिच्यासाठी आम्ही उभे आहोत, पण मोठ्याचं काय करावं तेच सुचत नाही. आठच वर्षांचा आहे, म्हणून त्याला काही सांगितलेलं नाही. तो सारखं पोट दुखतं म्हणतो, शाळेला जायचं नाव काढत नाही आणि आता रात्री अंथरूण ओलं करायला लागलाय. खरं सांगितलं तर आणखी घाबरेल ना?"

कळव्याच्या एका आईचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. घरात दुसरं मूल असलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकदा उशिरा येतो.

चार वर्षांच्या परीला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेला. उपचार खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमध्ये. आई तिच्याजवळ, बाबांची रबाळ्याला शिफ्ट ड्युटी, आणि सोहम घरी आजीकडे. "परीला ताप आलाय, बरी होऊन येईल लवकर," एवढंच त्याला सांगितलेलं. परी महिन्याभराने घरी आली ती केस गेलेली, गाल सुजलेले आणि सतत चिडलेली. आता तापाची गोष्ट कोण खरी मानणार? शिवाय साध्या तापाने माणूस महिनाभर दवाखान्यात राहतो असं मनात बसलं, की स्वतःला सर्दी झाली तरी मूल हादरतं.

आम्ही आईला सांगितलं, ह्याच आठवड्यात सांगा. न सांगितल्याने सोहम निश्चिंत राहिला नव्हता. फोनवरचे तुकडे आणि आजीचे उसासे जोडून त्याने आपली एक गोष्ट मनात रचली होती.

त्याआधी मात्र त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पोटदुखी आणि अंथरूण ओलं होणं यांचं कारण मनातच आहे असं धरून चालू नये. बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग, क्वचित मधुमेह, हे तपासून घ्यावंच लागतं. तपासण्या नॉर्मल आल्या.

मग आई-बाबा दोघांसमोर सोहमशी बोललो. जमिनीवर एक वाटी ठेवली. तिच्यात मूठभर राजमा, थोडी चवळी आणि चमचाभर मोहरी. वाटी म्हणजे हाडांच्या आतली मऊ जागा, जिथे रक्त तयार होतं. राजमा म्हणजे तांबड्या पेशी, त्या अंगभर प्राणवायू पोचवतात. चवळी म्हणजे पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या. मोहरी म्हणजे प्लेटलेट्स, त्या रक्त थांबवतात. मग वरून साबुदाणा ओतत गेलो. या बिघडलेल्या पांढऱ्या पेशी, भराभर वाढतात पण कामाच्या नाहीत. वाटी भरली आणि राजमा, मोहरी कडेने खाली सांडायला लागली. राजमा कमी म्हणून परी दमते, चांगली चवळी कमी म्हणून ताप येतो. ह्या आजाराचं नाव कॅन्सर. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही.

सोहम खाली पडलेल्या मोहरीकडे बघत होता. म्हणाला, "मग ते निळे डाग?"

रिमोटवरून भांडताना त्याने परीला सोफ्यावरून ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर मोठे निळे डाग उठले आणि आठवड्याभरात ती दवाखान्यात गेली. तेव्हापासून ते त्याच्या मनात होतं. आईला याचा पत्ताच नव्हता.

इथे पटकन "तुझी काही चूक नाही रे" म्हणून मोकळं होऊ नये. आपण ढकललं हे मुलाला पक्कं माहीत असतं, त्यामुळे हे मोठे खोटंच बोलतायत असं त्याला वाटतं. आम्ही बाबांना असं सांगायला सुचवलं: "ढकललंस ते बरोबर नव्हतं, ढकलायचं नसतं. पण ढकलल्याने कॅन्सर होत नाही. तिची मोहरी आधीच कमी झाली होती, म्हणून साध्या धक्क्यानेही एवढा डाग पडला. तू हात लावला नसतास तरी आजार होताच." त्याने दोनदा विचारलं, बाबांनी दोनदा तेच सांगितलं. या वयातली मुलं आपल्या रागाचा किंवा मनात आलेल्या वाईट विचाराचा संबंध घरातल्या आजारपणाशी जोडतात. म्हणून मुलाने विचारलं नाही तरी हे वाक्य आपण होऊन बोलावं.

पुढचा प्रश्न आलाच. "ती मरणार का?" आई म्हणाली, "असं अभद्र बोलू नये." तसं म्हटलं की मूल तो प्रश्न पुन्हा तोंडावर आणत नाही, मनात मात्र तो राहतोच. उत्तर असं द्यावं: "ह्या आजाराने काही मुलं दगावतात, पण औषधांनी बरीच मुलं बरी होतात. परीला ती औषधं चालू आहेत. काही बदललं तर तुला आम्हीच सांगू, दुसऱ्याकडून कळणार नाही." नक्की बरी होईल असं वचन देऊ नये.

गाल आणि चिडचिड यांचंही कारण सांगावं लागलं. सुरुवातीच्या चार-पाच आठवड्यांत स्टेरॉइड असतं. त्याने मूल रात्री तीन वाजता वरणभात मागतं, क्षणात रडतं, क्षणात ओरडतं. भावाला ते लाड वाटतात. "हे औषध बोलतंय, थांबल्यावर कमी होईल," एवढं कळलं तरी त्याचा राग बराच निवळतो.

आजींना कॅन्सर हा शब्द घरात नको होता, आणि सोहमला त्या "तू शहाणा ना, मग रडायचं नाही" म्हणायच्या. त्यांनाही घाबरायला झालं होतं. त्यांना समोर बसवून वाटीचा प्रयोग पुन्हा केला. त्यांचा अंगारा चालू राहिला, आम्हाला त्यात हरकत वाटली नाही. तीर्थ-प्रसाद तेवढा परीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरलं.

ह्या आजाराचे उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतात. तेव्हा "आत्ता परी, मग सोहम" हे धोरण टिकत नाही. रोज ठरलेल्या वेळी आईचा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यात आधी सोहमचा दिवस, मग परीची खबर. कॉल चुकणार असेल तर आधी निरोप. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास बाबा फक्त त्याचे, मग तलावपाळीला चक्कर मारा नाहीतर खाली क्रिकेट खेळा.

त्याची सगळ्यात मोठी भीती होती रात्री अचानक घर रिकामं होण्याची. ते टाळता येत नाही. केमो चालू असताना परीला 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, की मनाने पॅरासिटामॉल न देता तडक रुग्णालय गाठावं लागतं, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि रक्तातला जंतुसंसर्ग काही तासांत वाढू शकतो. म्हणून परीच्या बॅगेशेजारी सोहमचीही बॅग ठेवली: गणवेश, वह्या, टॉवेल. शेजारच्या काकू झोपायला येणार हे त्याला आधीच माहीत. निघताना त्याला उठवून सांगायचं, झोपेत सोडून जायचं नाही.

अंथरूण ओलं झालं तर ओरडायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही. चादर बदलायला त्याची मदत घ्यायची, शिक्षा म्हणून नाही. शाळा आधी मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली: बहिणीचा आजार, पोट दुखलं तर पाच मिनिटं बसू द्या, लगेच घरी पाठवू नका. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला तर त्याच दिवशी फोन करा, हेही तिच्यात लिहिलं. सोहमकडून तो संसर्ग परीपर्यंत गेला तर तिच्यासाठी तो गंभीर ठरतो, आणि डॉक्टरांना लगेच कळवलं तरच काही करता येतं. सोहमला मात्र हे "तुझ्यामुळे परीला होईल" अशा शब्दांत सांगू नका.

महिन्याभरात सोहम रोज शाळेत जाऊ लागला. परीच्या पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी अजून पोट दुखतं, अंथरूणही अधूनमधून ओलं होतं. एवढं चालायचंच. मूल जेवेनासं झालं किंवा महिनाभर काहीच फरक पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. "मीच मरतो" असं बोलायला लागलं तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलली की चिठ्ठी नव्याने द्या. वाटीचा प्रयोगही दर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा करा, कारण नऊ वर्षांचं मूल आठव्या वर्षी न पडलेले प्रश्न विचारतं.