वावराचं नंतर बघू, आधी त्या कागदावर सही करू नका

पत्र दारव्हा तालुक्यातून आलंय. वय 31, परदेशी झेंड्याच्या टँकरवर एबी, म्हणजे डेकवरचे अनुभवी खलाशी. मूरिंग, म्हणजे जहाज धक्क्याला बांधण्याचं काम, करताना दोर तुटला, उजव्या हाताची तीन बोटं गेली, आठ महिने झाले गावीच आहेत. प्रश्न असा की कंपनीकडून भरपाईचे 17 लाख येणार आहेत, तर चार एकर वावर घ्यावं की बँकेतल्या साहेबांनी सांगितलेला गॅरंटीड प्लॅन. शेवटी लिहिलंय, "डाव्या हातानं टाइप केलं, चुका समजून घ्या."

टायपिंग झकास आहे भाऊ, गडबड हिशोबात आहे. पैसे अजून आलेच नाहीत आणि तुम्ही सावकाराकडून 5 लाख महिना 3 टक्क्यांनी उचलून इसार देऊन मोकळे! महिन्याला 15 हजार, वर्षाला 1 लाख 80 हजार नुसतं व्याज. कोरडवाहू चार एकरात कपाशी एवढं सोडते का, हे कास्तकाराच्या पोराला मी काय सांगू.

आणि याच घाईपायी तुम्ही रिलीज फॉर्मवर, म्हणजे "आता कंपनीकडे काही मागणं उरलं नाही" अशा कागदावर, सही करायला निघालात. फोटो पाहिला मी, सहीच्या जागी एजंटनं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीय, वर "फुल अँड फायनल". ती सही झाली की पुढचं बोलणं जवळपास संपलं.

त्याच्यासोबत तुम्ही कराराची दोन पानं पाठवलीत, ती स्वतः वाचली का? 100 टक्के अपंगत्वाला 1 लाख डॉलर, खाली टक्क्याप्रमाणे. कंपनीच्या डॉक्टरनं 20 टक्के लिहिले, डॉलर 85 धरला तर झाले 17 लाख. आपल्याकडच्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या (2025 पर्यंत लागू होता) तक्त्यात एका हाताची तीन बोटं म्हणजे 30 टक्के होते. तो तक्ता तुमच्या कराराला आपोआप लागत नाही, पण 20 कुठून आले हे विचारायला पुरतो, कारण 30 झाले तर साडेपंचवीस लाख होतात. तुमच्याच करारात लिहिलंय की तुमचा डॉक्टर वेगळं म्हणाला तर कंपनी आणि युनियन मिळून तिसरा डॉक्टर नेमतात आणि त्याचं अंतिम. मग एका चांगल्या हँड सर्जनची फी द्यायला काय हरकत होती?

पुढची ओळ त्याहून मोठी, टक्के 50 च्या खाली असले तरी जहाजावर कुठल्याच कामाला कायमचं अनफिट ठरवलं तर पूर्ण 100 टक्के. म्हणजे 85 लाख. पण हुरळू नका, "कुठल्याच कामाला" हे सिद्ध करणं अवघड, त्यावर एक रुपयाचंही प्लॅनिंग नको. सोयऱ्याच्या ओळखीचा वकील एक कोटी काढून देतो, 25 टक्के त्याचे, म्हणतोय ना? निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला मनाईच आहे. त्याला नमस्कार करा.

भारतानं 2015 मध्ये मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, स्वीकारलंय. त्यात कमी रक्कम घे म्हणून दबाव आणायला मनाई आहे आणि अपंगत्व नेमकं किती हे ठरायला वेळ लागणार असेल तर तोवर अंतरिम पैसे द्यायचे असतात. एजंटला नाही, कंपनीला ईमेल करा, कॉपी युनियनला, आणि अंतरिम रक्कम मागा. दोन महिन्यांत पगार बंद झाला म्हणता, तेही त्यातच विचारा, कारण जखमेपासून 16 आठवडे ही तिथली कमीत कमी मुदत आहे.

बँकेतल्या साहेबांचा प्लॅन म्हणजे वर्षाला 3 लाख भरायचे, दहा वर्षं. पगार बंद असलेल्या माणसाला हे विकताना त्यांची जीभ कशी रेटली देव जाणे. पहिले काही हप्ते भरपाईतून जातील, पुढचे वावर विकून भरणार का? नाही म्हणून सांगा, कारण द्यायची गरज नाही.

अंतरिम पैसे आले की आधी सावकार. त्याचं लायसन्स आहे का तेही बघा, 36 टक्के दर 2014 च्या सावकारी कायद्यात कुठंच बसत नाही, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते. उरलं ते वर्षभर साध्या एफडीत राहू द्या.

आणि वावरवाल्याकडे या रविवारीच जा, इसाराची मुदत सहा महिने वाढवून कागदावर घ्या. नाही म्हणाला तर इसार किती परत देतो ते विचारून मला कळवा.